‘ऑनेस्ट’ कुणी सर्च करत नाही

तुमच्या सीव्हीत ‘हार्डवर्किंग’, ‘ऑनेस्ट’ आणि ‘टीम प्लेयर’ यांपैकी किती शब्द आहेत? खरं सांगा. माझ्या मामेबहिणीच्या सीव्हीत तिन्ही होते, वर ‘पंक्च्युअल’सुद्धा. आता ती पंक्च्युअल आहे यात वादच नाही. नंदाखालहून निघून, विरारला लोकल पकडून, वसई रोडला उतरून, शेअर रिक्षाने वालीवच्या गाळ्यापर्यंत जाऊन रोज साडेआठच्या ठोक्याला शटर उघडणारी मुलगी पंक्च्युअल नसेल तर मग कोण? पण रेझ्युमेच्या त्या अफाट डेटाबेसमध्ये माणूस शोधायला बसलेला कुणीही ‘पंक्च्युअल’ असं टाइप करत नाही. ‘ऑनेस्ट’ तर नाहीच नाही.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. एक आख्खी दुपार मी एका रिक्रूटरच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले होते आणि तिची बोटं कुठले शब्द टाइप करतात ते बघत होते.

ही रिक्रूटर माझी बीएमएमची मैत्रीण. आमच्या बॅचमधले काही चॅनेलमध्ये गेले, काही जाहिरातींत, माझ्यासारखे काही फ्रीलान्स करत बसले, आणि ही गेली एचआरमध्ये. (या बीएमएमचीही गंमतच आहे. २०१९ पासून मुंबई विद्यापीठाने कोर्सचं नाव बदलून बीएएमएमसी केलं. म्हणजे आमची आणि आमच्या ज्युनियर्सची डिग्री साधारण तीच, पण सर्चला दोन वेगळे शब्द हवेत.) अंधेरीतल्या एका छोट्या प्लेसमेंट कन्सल्टन्सीत ती कंपन्यांना माणसं शोधून देते. मला तिच्या कामावर काहीतरी लिहायचं होतं, आणि मनात दुसरंही एक होतं. मामेबहिणीचा सीव्ही आठ महिने एका जॉब पोर्टलवर पडून होता आणि तिला एकही फोन आला नव्हता. चुकीचा नंबर म्हणूनसुद्धा नाही.

आठ महिने तसे काही फार नाहीत, असं वाटत असेल तर थोडं थांबा. प्लास्टिकचे डबे-बाटल्या बनवणारी तिची छोटी कंपनी गाळा बंद करून सगळं बस्तान उंबरगावच्या बाजूला हलवणार होती. मालकाने दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. मामाची वाडी आहे, सोनचाफा आहे, केळी आहेत. पण घरातला दर महिन्याच्या सात तारखेला हमखास येणारा पैसा फक्त तिचा होता.

पैसे मोजून उघडायची दारं

तर त्या दुपारची गोष्ट. मैत्रिणीकडे एक काम आलं होतं: ‘डिस्पॅच एक्झिक्युटिव्ह’, अनुभव चार ते सात वर्षं. मी सावरून बसले, कारण हे तंतोतंत माझ्या मामेबहिणीचं काम होतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण नोकरी शोधणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती माहीतच नसते. जॉब पोर्टलला दोन दारं असतात. एक आपल्याला दिसतं, जिथे आपण ‘अप्लाय’ दाबतो. दुसरं दार कंपन्यांसाठी असतं आणि आत जायला पैसे मोजावे लागतात. १९९७ साली सुरू झालेल्या नोकरी डॉट कॉमचा असा डेटाबेस ‘रेसडेक्स’ नावाने विकला जातो. मॉन्स्टर इंडियाचं नाव २०२२ साली ‘फाउंडइट’ झालं. नाव बघा काय ठेवलंय, ‘सापडलं’! कंपनी वर्गणी भरते, त्यात किती सीव्ही उघडता येतील याचं माप ठरलेलं असतं. म्हणजे रिक्रूटरचा प्रत्येक क्लिक मोजलेला. ती काही तुमचा सीव्ही प्रेमाने पहिल्या ओळीपासून वाचायला बसलेली नसते. आधी तिला दिसतात चार-पाच ओळी: सध्याचं पद, कंपनी, किती वर्षं, पगार, गाव, नोटीस पिरियड, की-स्किल्स. त्यावरून ती ठरवते, दार उघडायचं की पुढे जायचं.

मैत्रिणीने टाइप केलं: डिस्पॅच ऑर लॉजिस्टिक्स ऑर वेअरहाउस, अँड एसएपी, अँड ई-वे बिल, नॉट फ्रेशर. हजाराच्या वर माणसं आली. मग गाव: मुंबई, ठाणे, नवी मुंबई. मग नोटीस पिरियड तीस दिवसांच्या आत. मग ‘गेल्या पंधरा दिवसांत प्रोफाइल हलवलेले’. शेवटी उरले एक्काहत्तर.

‘‘एवढेच?’’ मी विचारलं.

‘‘एवढे खूप झाले गं. मी वरचे वीस-पंचवीस बघेन. क्लायंटला पाच जण हवेत.’’

त्या ‘प्रोफाइल हलवलेले’वर तुम्ही हसला असाल तर तुम्ही नक्कीच त्यातले आहात. रोज सकाळी ऑफिसला जाताना लोकलमध्ये उभ्या उभ्या सीव्हीतला एक फुलस्टॉप काढायचा, सेव्ह करायचं, दुसऱ्या दिवशी तो परत टाकायचा. प्रोफाइल ताजं दिसतं, यादीत वर येतं. देवपूजेसारखं नेमाने हे करणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. आणि कधी कधी त्याचा उपयोगही होतो, हे मी त्या दुपारी डोळ्यांनी बघितलं.

मी म्हटलं, माझी मामेबहीण यात दिसतेय का बघ. नव्हती. एसएपीची अट काढून बघितलं. नव्हती. ई-वे बिलही काढलं. तरी नाही. ‘‘नावाने शोधते,’’ मैत्रीण म्हणाली, आणि तिथे आम्ही आमच्या वसईच्या खास दलदलीत जाऊन रुतलो.

बासीन, ठाणे, पालघर

आमच्याकडची आडनावं तुम्हाला माहीत आहेतच. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हातात गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती घेतली, पण आडनावं मागे राहिली. मराठीत ती आम्ही एकाच पद्धतीने लिहितो आणि निवांत असतो. इंग्रजीत मात्र एकाच घरात तीन स्पेलिंग. मोठ्या भावाच्या आडनावात डीनंतर अ‍ॅपॉस्ट्रॉफी, धाकट्याच्यात नुसती मोकळी जागा, आणि मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर सगळं एकत्र चिकटलेलं. त्यात कितीतरी ऑनलाइन फॉर्म अ‍ॅपॉस्ट्रॉफी घेतच नाहीत. ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ म्हणून लाल अक्षरं दाखवतात. स्वतःचं नाव इनव्हॅलिड!

नंदाखालचं सर्वांत मोठं नाव घ्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुवार्ता’चे संपादक, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ साली ते गेले. त्यांचं आडनाव इंग्रजीत कुठे अ‍ॅपॉस्ट्रॉफीसकट आणि दोन टी घालून छापलेलं दिसतं, कुठे अ‍ॅपॉस्ट्रॉफीशिवाय आणि एका टीवर भागवलेलं. (आणि ते संमेलन शोधायला ‘उस्मानाबाद’ टाकायचं की ‘धाराशिव’, हा आणखी एक प्रश्न.) फादरांना शोधणारे त्यांच्यापर्यंत पोचतातच. वालीवच्या गाळ्यातल्या मुलीसाठी तेवढा खटाटोप कोण करणार?

मग गाव. पोर्टलच्या यादीत नंदाखाल असण्याची अपेक्षा कुणी करत नाही. पण आमचा तर जिल्हाच बदललाय. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि मामेबहिणीने नागरिकशास्त्राला जागून ‘पालघर’ निवडलं होतं. मैत्रिणीने निवडलं होतं मुंबई, ठाणे, नवी मुंबई. संपला विषय. ही मुलगी फक्त प्रामाणिकपणे स्वतःचा जिल्हा सांगितल्यामुळे यादीबाहेर! आणि रेल्वेला विचाराल तर वसई रोड स्टेशनचा कोड आजही बीएसआर आहे, म्हणजे बासीन रोड. एकाच मातीला इतकी नावं, आणि सर्चच्या खिडकीत एका वेळी एकच कुणीतरी टाइप करतं.

शेवटी ती ईमेल आयडीवरून सापडली. मैत्रिणीने प्रोफाइल उघडलं आणि एकदम गप्प झाली. पद: ऑफिस असिस्टंट. की-स्किल्स: एमएस ऑफिस, हार्डवर्किंग, ऑनेस्ट, पंक्च्युअल. खाली जोडलेला सीव्ही म्हणजे झेरॉक्सवाल्याने टाइप करून दिलेल्या दोन कागदांचे मोबाइलवर काढलेले फोटो, पीडीएफ करून चढवलेले.

‘‘हा फोटो आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मशीनसाठी हा कोरा कागद आहे. यातलं एक अक्षरही सर्चला दिसत नाही.’’

आठ महिने ती मुलगी वाट बघत होती, आणि आठ महिने तिने लिहिलेलं कुणी नाकारलंसुद्धा नव्हतं. नाकारायला आधी दिसावं लागतं ना!

चांभाराचा मुलगा आणि पप्पांचं कार्ड

या अँड-ऑर-नॉटच्या खेळाला बूलियन सर्च म्हणतात, जॉर्ज बूल नावाच्या इंग्रज गणितज्ञावरून. १८५४ साली त्याने विचारांच्या नियमांवर पुस्तक लिहिलं, आणि आज प्रत्येक सर्चच्या पोटात त्याचं गणित चालतं. मला या माणसाबद्दल वाचताना फार मजा आली. बाप बूट बनवायचा. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे हा बहुतेक सगळं स्वतःच शिकला, विद्यापीठाची डिग्री मिळवलीच नाही, आणि तरी १८४९ साली आयर्लंडमधल्या कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचा प्रोफेसर झाला. (त्याची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. तेच एव्हरेस्ट, भारताचे सर्व्हेयर जनरल.) आता विचार करा: आजच्या एखाद्या रिक्रूटरने ‘मॅथेमॅटिक्स अँड पीएचडी’ असं टाकलं तर बूलसाहेब त्यांच्याच अँडमुळे बाहेर.

माणसाला खणात टाकून शोधायची पद्धत काही इंटरनेटने आणलेली नाही. माझ्या पप्पांनी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड अजून जपून ठेवलंय, पिवळं पडलेलं, घड्यांवर फाटलेलं. १९५९ च्या कायद्याने ठराविक आस्थापनांना रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक केलं होतं. तिथे नाव घातलं की तुमच्या शिक्षण-अनुभवावरून एक आकडा मिळायचा. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण नावाचं जाडजूड पुस्तक असतं, त्यातला कोड. १९६८ च्या आवृत्तीत सहाने सुरू होणारे आकडे शेतकऱ्यांचे, मच्छीमारांचे. कार्डं त्या आकड्यांप्रमाणे लावलेली असायची, जागा आली की तो खण ओढायचा. पप्पा म्हणतात, ‘‘आम्हाला निदान आमचा नंबर तरी माहीत असायचा.’’ या वाक्यात बराच दम आहे. कोड कार्डावर लिहिलेला असायचा. आज आपण कुठल्या शब्दाच्या खणात पडलोय, किंवा कुठल्याच खणात नाही, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं रडगाणं आहे असंही नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांनी २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ८८ टक्के कंपन्यांनी मान्य केलं की जाहिरातीतल्या अटींशी शब्दाला शब्द जुळत नाही म्हणून कुशल, लायक उमेदवार गाळले जातात. काही हॉस्पिटलं नर्सच्या सीव्हीत ‘कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ शोधत होती. त्यांना खरं हवं होतं एवढंच की नर्सला पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर भरता यावी. अ‍ॅमेझॉनने सीव्ही तपासायला शिकवलेलं एक सॉफ्टवेअर ‘विमेन्स’ हा शब्द दिसला की मार्क कापत होतं. तो प्रयोग त्यांनी गुंडाळला आणि २०१८ मध्ये रॉयटर्सने ती बातमी दिली. आता पोर्टलवाले म्हणतात, आमचं सर्च शब्दांमागचा अर्थही ओळखतं. ओळखत असेल, पण फोटोतला अर्थ? ‘ऑफिस असिस्टंट’मागे दडलेला?

‘गाडी लावणे’चं इंग्रजी

पुढच्या रविवारी मी नंदाखालला. पवित्र आत्म्याच्या चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून मामाकडे पोचले. चहा, सुकेळी, आणि टेबलावर माझा लॅपटॉप. मी तिला म्हटलं, सीव्ही विसर. सकाळी साडेआठपासून तू काय करतेस ते क्रमाने सांग.

तिने सांगायला सुरुवात केली, आणि मी टाइप करायचं विसरून ऐकतच बसले.

सकाळी येऊन आधी गाड्या लावायच्या. कुठल्या पार्टीचा माल कुठल्या टेम्पोत, कोणाचा आधी उतरणार, म्हणजे तो सर्वांत शेवटी भरायचा. चलन, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टरचा फोन. ट्रान्सपोर्टर भाडं वाढवून मागणार, हिने मागच्या महिन्याची वही काढून भांडायचं. जुना माल आधी काढायचा, नाहीतर झाकणं पिवळी पडतात. परत आलेले डबे वेगळे लावायचे, का परत आले ते लिहायचं. महिनाअखेर सगळा माल हाताने मोजायचा आणि टॅलीशी जुळवायचा. टॅलीत तीन गोडाऊन वेगळी ठेवलीत, ती कल्पनाही हिचीच. सहा वर्षं हे सगळं, आणि पगाराच्या स्लिपवर ‘ऑफिस असिस्टंट’.

‘‘हे तू कुठे शिकलीस?’’ मी विचारलं.

‘‘शिकायचं काय त्यात? सोनचाफा कसा जातो आपला?’’

खरंच की. पहाटे काळोखात फुलं तोडायची, उमलायच्या आत बांधायची, ठरलेल्या लोकलला विरारहून दादरच्या बाजारात पाठवायची. उशीर झाला तर माल मातीमोल. शाळेच्या वयापासून ती मामाबरोबर हा हिशेब करत आलीय. एमबीएवाले यालाच सप्लाय चेन म्हणतात आणि त्याची लाखांत फी घेतात.

मग सुरू झालं भाषांतर. आम्ही घरात सामवेदी बोलतो, शाळेत मराठी शिकलो, आणि सीव्ही लिहितो इंग्रजीत. ‘गाडी लावणे’ म्हणजे व्हेईकल प्लेसमेंट. ट्रान्सपोर्टरशी भांडणं म्हणजे फ्रेट निगोशिएशन (यावर मामा जो हसला!). परत आलेला माल म्हणजे रिव्हर्स लॉजिस्टिक्स. जुना आधी काढणं म्हणजे फिफो. हाताने मोजणं म्हणजे फिजिकल स्टॉक व्हेरिफिकेशन. एकेक शब्द ऐकून तिचा चेहरा बदलत होता. आधी मजा वाटली, मग जरा राग आला.

‘‘म्हणजे मी इतकी वर्षं हे करत होते आणि मला माहीतच नव्हतं?’’

‘‘करत होतीस ते माहीत होतं. त्याला काय म्हणतात ते नव्हतं.’’

‘‘मग म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं ना गाळ्यात.’’

यावर मी काय बोलणार? मामीने चहा पुन्हा गरम करून आणला.

पद बदलायचं का, यावर मात्र चांगलीच चर्चा झाली. स्लिपवर ऑफिस असिस्टंट असताना ‘डिस्पॅच मॅनेजर’ लिहिणं म्हणजे थाप. ‘ऑफिस असिस्टंट, डिस्पॅच अँड इन्व्हेंटरी’ असं लिहिलं. हे खरं होतं आणि सर्चला दिसणारंही. गाव ‘विरार, मुंबई महानगर’ केलं. अ‍ॅपॉस्ट्रॉफी काढून टाकला. तिथे ती दोन सेकंद थांबली, मग म्हणाली, ‘‘जाऊ दे, चर्चच्या वहीत आहे ना.’’

उरला एसएपी.

एसएपी हे मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर, १९७२ साली स्थापन झालेल्या जर्मन कंपनीचं. वालीवच्या गाळ्यांमध्ये आपली बंगळुरूची टॅली चालते. मामेबहिणीने एसएपीचा स्क्रीनसुद्धा बघितलेला नव्हता. मी मैत्रिणीला स्पीकरवर घेतलं. ती म्हणाली, ‘‘लिहून टाका. बेसिक नॉलेज म्हणा. निम्मे लोक तेच करतात. त्या शब्दाशिवाय ती यादीतच येणार नाही, मग बाकीचं कोण वाचणार?’’

बरोबरच होतं तिचं. मलाही मोह झाला. दिवाळी दहा आठवड्यांवर आली होती. सीव्हीच्या तळाशी पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवण्याची एक जुनी युक्तीही मला ठाऊक होती. (करू नका. सॉफ्टवेअर रंग काढून नुसती अक्षरं दाखवतं आणि रिक्रूटरला ते सगळं दिसतं.)

मामेबहीण म्हणाली, ‘‘मशीन फक्त शब्द बघतं ना? पुढे काय लिहिलंय ते वाचत नाही?’’

‘‘साधारण तसंच,’’ फोनवरून मैत्रीण.

‘‘मग असं लिही,’’ ती मला म्हणाली. ‘‘एसएपी वापरलेलं नाही. टॅलीत तीन गोडाऊनचा स्टॉक सहा वर्षं एकटीने सांभाळला आहे.’’

फोनवर शांतता. मग मैत्रीण इतक्या जोरात हसली की मामा बाहेरच्या ओट्यावरून आत आला. ‘‘बॉस! सर्चला ‘एसएपी’ दिसेल, ‘नाही’ दिसणार नाही.’’

आम्ही तसंच लिहिलं, इंग्रजीत, फोटो न काढता, साध्या एका कॉलममध्ये. की-स्किल्समधून ऑनेस्ट, पंक्च्युअल वगैरे मंडळी उडवली.

फोन यायला लागले. पहिल्याच आठवड्यात दोन. दोघांनीही विचारलं, एसएपीचा किती वर्षांचा अनुभव? नाही म्हटल्यावर एकाने फोन ठेवला. दुसरी बाई चिडली, ‘‘मग सीव्हीत कशाला लिहिलंत?’’ ही म्हणाली, ‘‘मॅडम, नाही असंच लिहिलंय. वाचा ना.’’ तिसऱ्याने विरार म्हटल्यावर ‘‘लांब पडेल’’ असं स्वतःच ठरवून टाकलं, जणू प्रवास त्यालाच करायचाय. विरार ते अंधेरी अडतीस किलोमीटर आहे हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

चौथा फोन एचआरचा नव्हता, एका गोदामाच्या ऑपरेशन्स मॅनेजरचा होता. वयस्कर आवाज, मराठी. एचआरने पाठवलेल्या दहा सीव्हींपैकी हा एक त्यांनी शेवटपर्यंत वाचला होता. ‘‘तुम्ही एसएपी वापरलेलं नाही असं लिहिलंय,’’ ते म्हणाले. ‘‘हे लिहिणारं कोण आहे ते मला बघायचं होतं. टॅलीत तीन गोडाऊन कसं करता हो?’’ ती तेव्हा वसई रोडच्या पुलावर उभी होती. दोन विरार लोकल सोडून दिल्या आणि तिथेच उभं राहून तिने सगळं सांगितलं: परत आलेल्या मालाचं वेगळं खातं, महिनाअखेरची मोजणी, पिवळी पडणारी झाकणं.

दिवाळीच्या आधी तीन आठवडे ती तिथे लागली. गोरेगावला ऑफिस, भिवंडीला गोदाम. आठवड्यातले दोन दिवस वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या, मोजक्याच गाड्यांपैकी एका गाडीने भिवंडी रोडला जाते. पगार बरा वाढलाय, झोप तेवढीच कमी झालीय. एसएपीचं म्हणाल तर तिला जेवढं लागतं तेवढं महिन्याभरात आलं. ‘‘टॅलीपेक्षा बटणं जास्त आहेत, बाकी माल तोच,’’ असं तिचं मत.

गेल्या महिन्यात तिच्या हाताखाली एक माणूस घ्यायचा ठरला. एचआरने तिला मेल केला: कृपया सर्चसाठी कीवर्ड पाठवा. तिने मला फोन करून विचारलं नाही. स्वतःच यादी पाठवली: चलन, टेम्पो, लोडिंग, गोडाऊन, टॅली, ट्रान्सपोर्टर, ऑफिस असिस्टंट. आणि गावांमध्ये पालघर, वसई, विरार, बोईसर. एसएपी टाकलं नाही. एचआरवाल्या मुलीने परत विचारलं, हे शब्द नक्की ना मॅडम, डिस्पॅच एक्झिक्युटिव्हसाठी असे शब्द कुणी देत नाही. ही म्हणाली, नक्की.

नऊ सीव्ही आले. त्यातले दोन कागदाचे फोटो होते; फक्त फॉर्ममध्ये भरलेल्या पदामुळे सापडलेले. ते तिने मोठे करून, मान तिरकी करून वाचले. तिघांना बोलावलंय, गुरुवारी.